औंस कुठला आणि टन कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा: पाउंड, औंस, स्टोन, हंड्रेडवेट, टन ही इंग्रजी वजनं एकमेकांत आणि किलोत कशी बदलायची? नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये एकाच टनाची तीन उत्तरं येतात आणि औंसाची दोन, मग खरं कोणतं? शिवाय घरात पणजोबांच्या मुंबईतल्या कापूस व्यापाराचे कागद आहेत, त्यांत खंडी, मण आणि हंड्रेडवेट एकाच पानावर आहेत. सुरुवात कुठून करायची?

कॅल्क्युलेटरची सगळी उत्तरं बरोबर आहेत. टन खरोखरच तीन आहेत आणि औंस दोन. तुम्ही विचारलेल्या टनाचं कूळ यंत्राला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागतं. रुई आणि सुताच्या निर्यातीचे कागद करण्यात माझी नोकरी गेली. त्या कामात गुणाकार चुकलेला मी क्वचित पाहिला, माप ओळखण्यात झालेली चूक मात्र वारंवार पाहिली. म्हणून आधी कुळं सांगतो, आकडेमोड नंतर.

इंग्रजी वजनांची तीन कुळं आहेत. पहिलं अव्हर्डुपॉइज. नाव जिभेला जड आहे, म्हणून मी त्याला बाजारमाप म्हणतो. धान्य, कापूस, लोखंड, मटण, माणसाचं वजन, पोस्टाचं पार्सल हे सगळं यात येतं. दुसरं ट्रॉय, म्हणजे सराफमाप: सोनं, चांदी, नाणी. तिसरं औषधमाप, जुन्या औषधविक्रेत्यांचं. या तिघांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ग्रेन. ग्रेन तिन्हीकडे तोच आहे: ६४.७९८९१ मिलिग्रॅम. म्हणून एका कुळातून दुसऱ्यात जायचं असेल तर ग्रेनपर्यंत खाली उतरा आणि तिथून वर चढा. मधला शॉर्टकट शोधायला गेलात की घोटाळा झालाच म्हणून समजा.

बाजारमापाचा पाउंड ७,००० ग्रेनचा. त्याचे १६ औंस, म्हणून एक औंस ४३७.५ ग्रेन. औंसाचे पुन्हा १६ ड्राम, पण ड्राम आज कुणी विचारत नाही. सराफमापाचा पाउंड ५,७६० ग्रेनचा आणि त्याचे औंस १२ च, म्हणजे एक औंस ४८० ग्रेन. या औंसाचे २० पेनीवेट आणि एका पेनीवेटचे २४ ग्रेन. औषधमापाचे पाउंड आणि औंस सराफमापाचेच, फक्त औंसाची वाटणी वेगळी: ८ ड्राम, ड्रामचे ३ स्क्रूपल, स्क्रूपलचे २० ग्रेन.

आता पोरांना घालायचं कोडं बघा: एक पाउंड कापूस जड की एक पाउंड सोनं? ‘दोन्ही सारखंच’ हे हुशारीचं उत्तर इथे साफ चुकतं. कापसाचा पाउंड ४५३.५९ ग्रॅम, सोन्याचा ३७३.२४ ग्रॅम, म्हणजे कापूस जड. पण औंस घेतला तर पारडं उलटं फिरतं: कापसाचा औंस २८.३५ ग्रॅम, सोन्याचा ३१.१० ग्रॅम. कॅल्क्युलेटरमधल्या औंसाच्या दोन उत्तरांचा उगम हाच. दोन मापांमधलं पूर्णांकी नातं हवं असेल तर १७५ सराफी औंस म्हणजे १९२ बाजारी औंस. दोन्हीकडे ८४,००० ग्रेन भरतात, ताळा करून पाहा.

इतकी विचित्र व्यवस्था कशी टिकली याचा इतिहास थोडा सांगतो, कारण त्यातून ७,००० हा आकडा कुठून आला ते कळतं. ब्रिटनच्या संसदेसाठी १७५८ मध्ये पितळेचा एक प्रमाण पाउंड बनवला होता, आणि तो सराफमापाचा, ५,७६० ग्रेनचा होता. १८२४ च्या कायद्याने तोच साऱ्या साम्राज्याचा मूळ पाउंड ठरवला. बाजारात सगळे वापरत असलेला पाउंड म्हणजे या मूळ पाउंडाच्या ५,७६० भागांसारखे ७,००० भाग, अशी त्याची व्याख्या केली. पुढे १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री वेस्टमिन्स्टरच्या संसदेला आग लागली. सरकारी हिशेबाच्या जुन्या, खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या भट्टीत जाळायला घातल्या होत्या, त्यातून ती भडकली. हिशेब ठेवायच्या काठ्यांनी वजनाचा हिशेबच जाळला, कारण प्रमाण पाउंड त्या आगीत गेला. नवा बनवायची वेळ आली तेव्हा नेमलेल्या समितीने शहाणपणा केला आणि लोक रोज वापरतात तो बाजारी पाउंडच मूळ धरला. प्लॅटिनमचा हा नवा पाउंड १८५५ च्या कायद्याने अधिकृत झाला. १८७८ च्या कायद्याने सराफी पाउंड रद्दच केला, पण सराफी औंस सोन्या-चांदीसाठी ठेवला. म्हणून आज कुणी ‘ट्रॉय पाउंड’ म्हटलं तर बहुधा तो जुना कागद वाचतोय. ‘ट्रॉय औंस’ मात्र रोजच्या सोन्याच्या भावात जिवंत आहे.

अमेरिकेचा आणि ब्रिटनचा पाउंड यांतही बारीकसा फरक होता. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ मध्ये तो मिटवला आणि पाउंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलो असं ठरवलं. हा आकडा मोजून काढलेला किंवा अंदाजे नाही, ती व्याख्याच आहे. पाठ करायचा असेल तर हा एक आकडा करा, बाकीचे सगळे यातून निघतात.

आता बाजारमापाची वरची शिडी. १४ पाउंड म्हणजे १ स्टोन, २ स्टोन म्हणजे १ क्वार्टर, ४ क्वार्टर म्हणजे १ हंड्रेडवेट, २० हंड्रेडवेट म्हणजे १ टन. पाउंड आणि किलोत लिहायचं तर:

स्टोन: १४ पाउंड, ६.३५ किलो
क्वार्टर: २८ पाउंड, १२.७० किलो
हंड्रेडवेट: ११२ पाउंड, ५०.८० किलो
टन: २,२४० पाउंड, १,०१६.०५ किलो

हंड्रेडवेट म्हणजे शंभर, मग ११२ कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. स्टोन १४ चा, आणि ८ स्टोन घेतले की ११२ होतात, इतकंच. अमेरिकनांना हे पटलं नाही. त्यांनी स्टोन टाकून दिला, हंड्रेडवेट सरळ १०० पाउंडाचं केलं आणि त्याच्या वीसपटीने टन २,००० पाउंडाचा. म्हणून ब्रिटिश टन ‘लाँग’, अमेरिकन टन ‘शॉर्ट’, आणि १,००० किलोचा मेट्रिक टन तिसरा. किलोत ते अनुक्रमे १,०१६, ९०७ आणि १,००० पडतात. लाँग आणि मेट्रिक यांत दीड टक्क्याचाच फरक, म्हणून तो खपून जातो आणि म्हणूनच घातक ठरतो. शॉर्ट टनाची गफलत मोठी असते, ती लगेच डोळ्यात येते. कागदावर नुसतं ‘टन’ असेल तर देश आणि साल बघा. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानचा कागद असेल तर लाँग टन धरा, अमेरिकन असेल तर शॉर्ट. जहाजाच्या कागदावर ‘ग्रॉस टन’ दिसला तर थांबा. जुन्या नोंदींत ते वजन नसून आकारमान असतं, १०० घनफूट म्हणजे एक टन.

तसाच फसवा शब्द ‘क्वार्टर’. इंग्लंडमधल्या गव्हाच्या भावांत क्वार्टर म्हणजे ८ बुशेल, आणि ते धान्य भरायचं माप आहे, २८ पाउंडाशी त्याचा काही संबंध नाही. स्टोनसुद्धा १८३५ च्या कायद्याने १४ पाउंडाचा पक्का झाला. त्याआधी लंडनच्या मटणबाजारात तो ८ पाउंडाचा चालायचा. त्यापूर्वीचे आकडे वाचताना गाव आणि माल दोन्ही पाहावे लागतात.

आकडेमोडीची रीत मात्र तुमच्या आजोबांनी शाळेत गिरवलेलीच आहे. मोठ्या मापाचं लहान करायची ती उतरती भांजणी, लहानाचं मोठं करायची ती चढती भांजणी. जुन्या ब्रिटिश बीजकात वजन ३-७-२-१९ असं लिहिलेलं असतं: ३ टन, ७ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १९ पाउंड. उतरत या. ३ ला २० ने गुणा, ७ मिळवा, ६७ हंड्रेडवेट झाले. त्याला ४ ने गुणा, २ मिळवा, २७० क्वार्टर. त्याला २८ ने गुणा, १९ मिळवा, ७,५७९ पाउंड. आता एकदाच ०.४५३५९२३७ ने गुणा: ३,४३७.७८ किलो. टनाचे वेगळे किलो, हंड्रेडवेटचे वेगळे किलो आणि शेवटी बेरीज, असं करू नका. प्रत्येक पायरीवर गोळाबेरीज होते आणि शेवटी एखाद-दुसरा किलो कुठे गेला ते सापडत नाही.

उलट जायचं असेल, समजा ५,००० किलो, तर आधी पाउंड करा: ११,०२३.११. त्याला २८ ने भागा, ३९३ क्वार्टर आणि बाकी १९ पाउंड. ३९३ ला ४ ने भागा, ९८ हंड्रेडवेट, बाकी १ क्वार्टर. ९८ ला २० ने भागा, ४ टन, बाकी १८. उत्तर ४-१८-१-१९. बाकी उरते तिथेच थांबायचं, दशांश काढायचा मोह टाळायचा.

तोंडी हिशेबाला माझी पद्धत साधी आहे. पाउंडाचे किलो करताना निम्मे करा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करा. १५८ पाउंडाचे ७९, त्यातून ७.९ गेले, ७१.१ किलो. खरं उत्तर ७१.६७. गप्पांना पुरतं, बिलाला नाही. किलोचे पाउंड करताना दुप्पट करून दहावा हिस्सा मिळवा. व्यापारात ०.४५ धरणाऱ्याला मी एकच उदाहरण दाखवतो: रुईची एक खंडी ७८४ पाउंड, खरं वजन ३५५.६२ किलो, ०.४५ ने ३५२.८०. शंभर खंडीत २८२ किलोचा फरक पडला, म्हणजे दीड गाठीहून जास्त (गाठ १७० किलोची) रुई हवेत गेली.

दशांशाची एक खोड सगळ्यांना नडते. अमेरिकेत लेकीला बाळ झालं, व्हिडिओ कॉलवर कळलं ‘सात पाउंड सहा औंस’, आणि इकडे आजी-आजोबांनी कॅल्क्युलेटरवर ७.६ टाकलं. सहा औंस म्हणजे पाउंडाचे सोळा भाग करून त्यातले सहा, म्हणजे ०.३७५. बाळ ३.३५ किलोचं आहे, ३.४५ चं नाही. शंभर ग्रॅमने काही बिघडत नाही, पण डॉक्टरांचा तक्ता भरताना बिघडू शकतं. ब्रिटनमध्ये माणसाचं वजन अजून स्टोनमध्ये सांगतात. ‘११ स्टोन ४’ म्हणजे ११ ला १४ ने गुणून त्यात ४, १५८ पाउंड. याला ११.४ लिहिणं चूकच, आणि ‘११ स्टोन ११’ ला ११.११ लिहिलं तर चूक आणखी वाढते. गंमत म्हणजे स्टोनला व्यापारातून कधीच रजा मिळाली आहे, तरी लोकांच्या वजनकाट्यावरून तो उतरत नाही.

क्रिकेटच्या मैदानावर तुम्ही हे माप रोज पाहता. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू नियमाने ५.५ ते ५.७५ औंस असतो, म्हणजे १५५.९ ते १६३ ग्रॅम. हे वाकडेतिकडे ग्रॅम औंसातूनच आले. बॅट घेताना दुकानदार ‘२ पाउंड ९ औंस’ म्हणतो आणि वेबसाइटवर ११६० ग्रॅम लिहिलेलं असतं. ४१ औंसाचे ११६२ ग्रॅम होतात, म्हणजे दोघं एकच सांगतायत.

माप चुकल्यावर काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. विमान नवीन होतं आणि त्याचा हिशेब किलोत होता, बाकीचा ताफा पाउंडात. इंधनाचं मीटर बंद होतं, म्हणून टाकीत काठी घालून मोजलं: ७,६८२ लिटर. उड्डाणाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन करायला जो गुणक वापरला तो १.७७, आणि तो होता पाउंडाचा. किलोचा गुणक साधारण ०.८० आहे. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. हे पाउंड होते, ते किलो समजले. मग उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा त्याच १.७७ ने भागून सुमारे ४,९०० लिटर इंधन भरलं. भरायला हवं होतं २०,००० लिटरहून जास्त. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि इंजिनं एकेक करून बंद पडली. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांनी ते प्रचंड धूड तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, आणि विमानातली ६९ ही माणसं वाचली. या हिशेबात एकही गुणाकार, भागाकार चुकलेला नाही. आकड्यापुढे एकक लिहिलं असतं तर कुणीतरी तिथेच अडलं असतं. मी हाताखालच्या मुलांना हेच सांगायचो, की मधल्या ओळीतसुद्धा ‘पाउंड’, ‘किलो’ लिहा, नुसता आकडा लिहू नका.

आता तुमच्या घरच्या कागदांकडे. मुंबईच्या जुन्या वहीतला ‘मण’ हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्राणी. मुंबईचा व्यापारी मण २८ पाउंडाचा होता, म्हणजे १२.७० किलो. सरकारी आणि रेल्वेचा मण, ज्याला बंगाली मण म्हणत, तो ८२ पूर्णांक २/७ पाउंडाचा, ३७.३२ किलो. दोघांचे शेर ४० च, पण मुंबईचा शेर ३१७.५ ग्रॅम आणि सरकारी शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. जवळजवळ तिप्पट फरक! मालाची वही मुंबईच्या पेढीची आणि त्यालाच टाचलेली रेल्वेची पावती बंगाली मणाची, असं एकाच जुडग्यात सापडतं. तेव्हा प्रत्येक कागद कुणी काढला ते आधी बघायचं.

मुंबईचा मण एकदा ओळखला की मात्र काम फार सोपं होतं, कारण २८ पाउंड म्हणजे ब्रिटिश क्वार्टरच. मुंबईचे चार मण म्हणजे एक हंड्रेडवेट, काही गुणाकार नको. खंडीचं जरा जपून. सर्वसाधारण मुंबई खंडी २० मणांची, ५६० पाउंड. रुईची खंडी २८ मणांची, ७८४ पाउंड, बरोबर ७ हंड्रेडवेट. समजा वहीत ‘रुई २५ खंडी ९ मण’ असं आहे. २५ ला २८ ने गुणून ९ मिळवले, ७०९ मण. तेच ७०९ क्वार्टर. चारने भागा, १७७ हंड्रेडवेट १ क्वार्टर. वीसने भागा, ८ टन १७ हंड्रेडवेट १ क्वार्टर. किलोत ९,००४.७२. तुमच्या पानावर खंडी आणि हंड्रेडवेट शेजारी शेजारी आहेत ते बहुधा याचमुळे: खरेदी खंडीत, जहाजाचे कागद हंड्रेडवेटमध्ये. खंडीचे आकडे सातने गुणून पाहा. शेजारचं हंड्रेडवेट जुळलं तर माल रुई आणि खंडी ७८४ ची. पाचने गुणून जुळलं तर खंडी ५६० ची, माल दुसरा काही. असा ताळा कागदच देत असेल तर अंदाज कशाला बांधायचा?

मुंबईच्या वखारीतली ही खंडी अजून गेलेली नाही. शेतकरी कापूस विकतो तो क्विंटलने, पण जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढून, निघालेल्या रुईचा भाव आजही खंडीने बोलला जातो, आणि ही खंडी ३५६ किलो धरतात. ती ३५६ म्हणजे ७८४ पाउंडच, थोडी गोळा केलेली. गाठ मात्र आता १७० किलोची मोजतात. जुन्या आकडेवारीत ३९२ पाउंडाची गाठ दिसेल, ती बरोबर अर्धी खंडी, १७७.८ किलो. त्यामुळे जुन्या काळातल्या ‘इतक्या लाख गाठी’ आजच्या गाठींशी थेट तोलू नका. न्यूयॉर्कचा वायदा पाउंडामागे सेंटमध्ये असतो. तो खंडीवर आणायला ७.८४ ने गुणा: ८० सेंट म्हणजे खंडीला ६२७.२० डॉलर, मग डॉलरचा दर. बाजारात बसलेली माणसं हा गुणाकार तोंडीच करतात.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागवाल्यांच्या तोंडीही पाउंड रोज असतो, जरी ते त्याचं नाव घेत नसले तरी. सुताचा ‘४० काउंट’ म्हणजे एका पाउंडात ८४० यार्डांच्या ४० लडी. एका पाउंडात ३३,६०० यार्ड सूत. काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक, हे उलटं नातं त्यातूनच येतं. टेक्समध्ये, म्हणजे हजार मीटर सुताच्या ग्रॅममधल्या वजनात, न्यायचं असेल तर ५९०.५ ला काउंटने भागा, ४० काउंट म्हणजे १४.८ टेक्स. डेनिमचा ‘१२ औंस’ हा चौरस यार्डाचा औंस असतो. ३३.९ ने गुणलं की चौरस मीटरचे ग्रॅम येतात, ४०७.

सराफमापाचं आपल्याकडचं नातं तोळ्यातून आहे आणि ते विलक्षण नेटकं आहे. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, आणि १८३५ चा कंपनीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणून चांदीचा रुपया तागडीत टाकला की तोळा झाला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. गुणाकार केलात तर मण ५,७६,००० ग्रेन निघतो, म्हणजे नेमके १०० सराफी पाउंड. तो ८२ पूर्णांक २/७ चा विचित्र अपूर्णांक बाजारी पाउंडात मोजल्यामुळे दिसतो. मुळात आकडा गोल आहे.

त्या हिशेबाने तोळा ११.६६३८ ग्रॅम. ३ ट्रॉय औंस म्हणजे ८ तोळे. सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाला असतो, तो ३१.१०३५ ने भागून १० ने गुणला की १० ग्रॅमचा भाव येतो (आयात शुल्क आणि कर वेगळे). आज दुकानात ‘तोळा’ म्हणताना बहुतेक जण १० ग्रॅम धरतात. चालू खरेदीला हरकत नाही. पण आजीच्या वाटणीपत्रात २० तोळे लिहिलेले असतील तर ते जुन्या तोळ्याने २३३ ग्रॅम आहेत, २०० नाहीत. या तेहेतीस ग्रॅमवरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं पाहिलं आहे. भारतात मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, आणि वापर १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला. त्यापूर्वीचा कागद असेल तर तोळा जुनाच धरा.

औषधमाप आता पुस्तकांतच राहिलंय, तरी एक खूण तुमच्या घरात असेल. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी बघा. ५ ग्रेनचे होतात ३२४ मिलिग्रॅम. ३२५ ची गोळी त्यातून आली, आणि ६५० ही तिची दुप्पट. जुनं औषधांचं पुस्तक वाचत असाल तर ड्रामला जपा: औषधमापाचा ड्राम ६० ग्रेन, ३.८९ ग्रॅम, आणि बाजारमापाचा १.७७ ग्रॅम. दुपटीहून जास्त फरक आहे. जुन्या कागदावरून औषधाची मात्रा स्वतः काढू नका, फार्मासिस्टला विचारा.

केकच्या अमेरिकन पाककृतीत ‘८ औंस दूध’ असतं तो औंस वजनाचा नाही, आकारमानाचा आहे. अमेरिकेत २९.५७ मिलिलिटर, ब्रिटनमध्ये २८.४१. मैदा आणि लोणी असेल तर वजनाचा औंस, दूध आणि तेल असेल तर भरून मोजायचा.

शेवटी कामाचं. एवढे जुने कागद असतील तर ऑनलाइन कॅल्क्युलेटर सोडा आणि एक्सेलमध्ये स्वतःची शीट करा. एका वेगळ्या घरात ०.४५३५९२३७ लिहून ठेवा आणि सगळी सूत्रं त्या घरावरून चालवा. टन, हंड्रेडवेट, क्वार्टर, पाउंड यांना वेगवेगळे रकाने द्या, एका रकान्यात दशांशाने भरू नका. शेजारी आणखी दोन रकाने ठेवा: कागद कुणी काढला, आणि मण किंवा खंडी किती पाउंडाची धरली. पुढे एखादा आकडा जुळला नाही तर तेवढ्या ओळीतला पाउंड बदलून बघता येईल, सगळी वही पुन्हा उपसावी लागणार नाही. गोळाबेरीज फक्त शेवटच्या रकान्यात करा. वहीत बारदानासकट वजन आहे की निव्वळ, तेही पानाच्या माथ्यावर शोधा. रुईच्या गाठीवर पट्ट्या आणि गोणपाट असतो, आणि वखारीचा आकडा जहाजाच्या आकड्याशी न जुळण्याचं ते नेहमीचं कारण.